तीन डगरींवर पाय: नाटक, मालिका आणि सिनेमा एकाच वेळी कसं जमवायचं

आधी एक डायरी आणा. कागदाची. फोनमधलं कॅलेंडर आपल्या धंद्यात कामाचं नाही, कारण प्रयोग चालू असताना फोन बंद असतो आणि नाटकाचा व्यवस्थापक नेमका मध्यंतरात, आपल्या तोंडात बटाटावडा असताना विचारतो, "ताई, बावीसला चिपळूण धरू ना?" हो किंवा नाही, त्याच मिनिटाला सांगता आलं पाहिजे. "बघून सांगते" म्हणणाऱ्या बाईला पुढच्या दौऱ्याला कुणी विचारत नाही.

माझ्या डायरीत प्रयोग लाल शाईने लिहिलेले असतात, मालिकेचे दिवस निळ्या शाईने आणि सिनेमाच्या तारखा पेन्सिलने. पेन्सिल का, ते एक जरी मराठी सिनेमा केलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. लाल शाईवर दुसरं काही लिहायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम. शूटिंग पुढे गेलं तर निर्माता वैतागतो आणि दुसरा सीन घेतो. प्रयोग पडला तर तिकीट काढून आलेली सात-आठशे माणसं रिक्षाला पैसे देऊन घरी परत जातात, आणि ती पुन्हा तुमच्या नाटकाला येतीलच असं नाही.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते गाव, त्यामुळे नाटकाच्या वेडाला आमच्याकडे कुणी वेड म्हणत नाही. एका सहकारी बँकेत क्लार्क होते, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी काम करायचे, १९९७ साली नोकरी सोडून मुंबईला आले. तेव्हापासून आई, सासू, आत्या, मुख्याध्यापिका, कोळीण, एकदा आमदार आणि एकदा भूत. नायिका कधीच नाही. चौतिसाव्या वर्षी माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या नटाची आई झाले, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही, भाडं द्यायचं होतं. पेपरात नावाच्या मागे ‘अष्टपैलू’ छापून आलं की समजावं, छापणाऱ्याला आपली एकही भूमिका आठवलेली नाही.

आता मुद्द्याचं. तीन माध्यमांत टिकायला तीन प्रकारचा अभिनय लागतो असं शिबिरांमध्ये शिकवतात. मला ते पटत नाही. कापड एकच असतं, बेतायचं वेगळं. हे बेतणं कसं ते एका वाक्यावर दाखवते. वाक्य साधं आहे: "जेवून जा." मुलगा भांडून घराबाहेर निघालाय आणि आई म्हणते, "जेवून जा."

नाटकात मी स्वयंपाकघराच्या दारात आहे, हातात डाव, प्रेक्षकांकडे पाऊण तोंड. मुलाचं वाक्य संपेपर्यंत डाव जरासुद्धा हलू द्यायचा नाही, कारण दुसऱ्याच्या वाक्यावर आपण हललो की सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळतात आणि त्याचं वाक्य मरतं. त्याचं झालं की श्वास. हा श्वास छातीत वर घ्यायचा नाही, मागच्या बरगड्या फुगल्या पाहिजेत. मग आधी डाव खाली येतो, मग शब्द. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो ‘जा’ खाली पडू द्यायचा नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे अर्थाची किल्ली शेवटच्या शब्दात असते, आणि नवीन नट नेमका तोच शब्द गिळतो. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला फक्त "जेवून..." ऐकू जातं. जेवून आलास, जेवून झोप, जेवून काय? त्यांना कळत नाही आणि ते शेजारच्याला विचारतात, मग शेजारच्याचंही पुढचं वाक्य जातं. मी अजूनही नव्या संहितेत प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारते. तालमीत दिग्दर्शकाला नाही, सगळ्यात मागे बसलेल्या चहावाल्या पोराला विचारायचं, "शेवटचं ऐकू आलं का रे?" तो खोटं बोलत नाही.

मालिकेत तेच वाक्य किमान तीनदा म्हणावं लागतं. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर, मग मुलाच्या खांद्यावरून माझा क्लोज, मग माझ्या खांद्यावरून त्याचा. मास्टरमध्ये ‘जेवून’ला डाव उजव्या हातात छातीपाशी असेल तर तो तिन्ही वेळा तिथेच हवा, नाहीतर एडिटरची पंचाईत होते आणि तो मुकाट्याने तुमचा क्लोज गाळतो. म्हणून मास्टरमध्ये हातांचे खेळ कमीत कमी ठेवा. वाक्य झाल्यावर मालिकेत काम संपत नाही, खरं तिथे सुरू होतं. "ताई, लुक होल्ड करा," असा आवाज येतो आणि चार-पाच सेकंद चेहरा धरून ठेवावा लागतो, कारण तिथे नंतर संगीत येणार असतं. नवीन मुलं या पाच सेकंदांत भुवया, नाकपुड्या, जे हलेल ते हलवतात. मी त्या वेळी मनात हिशेब करते: भाजी किती उरली, हा गेला तर रात्री कोण खाईल. चेहऱ्यावर आपोआप काहीतरी खरं राहतं आणि दिग्दर्शकाला वाटतं बाईंनी काय सूक्ष्म काम केलं.

सिनेमात आधी कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारायचं, "फ्रेम कुठपर्यंत आहे?" तो हात छातीशी धरून दाखवेल, किंवा हनुवटीशी. लाजायचं नाही, विचारायचंच. पंच्याऐंशी मिलीमीटरची, म्हणजे जवळून दाखवणारी लेन्स असेल तर चेहराच आहे, डावाची काळजी सोडा. पस्तीसची, म्हणजे रुंद दाखवणारी असेल तर पायसुद्धा दिसतायत, अवघडलेले पाय उभे ठेवू नका. इथे ‘जा’ पडला तरी चालतो. माइक पदराच्या आत चिकटवलेला असतो, तो श्वासही पकडतो. समोरचा नट पुष्कळदा तिथे नसतोच, त्याची तारीख संपलेली असते. एखादा असिस्टंट किराणा मालाची यादी वाचावी तसा क्यू, म्हणजे ज्यावर आपण बोलायचं ते समोरच्याचं वाक्य, देतो आणि आपल्याला स्टँडला चिकटवलेल्या पिवळ्या टेपकडे बघून मुलाला थांबवायचं असतं. नाटकवाल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. माझा उपाय असा की मास्टर चालू असतानाच त्या नटाच्या चेहऱ्यावरची एक खूण लक्षात ठेवायची, मग ती टेपवर बसवायची.

एका सिनेमात माझं "जेवून जा" एडिटिंगमध्ये काढूनच टाकलं होतं. मी ताट ठेवते एवढंच ठेवलं. प्रीमियरला मला भयंकर राग आला. आज पटतं, ताटाचा आवाज पुरेसा होता.

घरी सराव करायचा तर फोन आधी दहा फुटांवर ठेवा, मग तीन फुटांवर, मग हातभर. एकच वाक्य, तीन वेळा. आणि पहिल्या वेळी शेजारणीला जिन्यात उभी करा.

हे बेतणं मोठ्या माणसांनी कसं केलं ते बघण्यासारखं आहे. डॉक्टर श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले. २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला आणि १९७२ साली ते ‘पिंजरा’त मास्तर होते. एकीकडे स्वगतांनी नाट्यगृह भरून टाकणारा बेलवलकर, दुसरीकडे तमाशाच्या फडात हळूहळू विझत जाणारा मास्तर. सिनेमा बघताना आवाज बंद करा आणि नुसती मान आणि खांदे बघा. दिलीप प्रभावळकरांचंही तसंच. ‘हसवाफसवी’त एकाच माणसाने सहा भूमिका केल्या, पडद्यावर ‘चौकट राजा’तला नंदू केला, आणि २००६ साली हिंदीत गांधीजी. विग आणि मिशा कुणालाही लावता येतात. मला त्यांच्याकडे बघताना नेहमी असं वाटतं, की दर भूमिकेत हा माणूस श्वास वेगळ्या जागी घेतो.

पाठांतराबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण दोन प्रकारची स्मरणशक्ती लागते. नाटकाचं पाठांतर दगडावर कोरल्यासारखं आणि मालिकेचं पाटीवर लिहिल्यासारखं. मालिकेची पानं सेटवर येतात तेव्हा प्रिंटरमधून निघालेली, गरम असतात. दहा मिनिटांत पाठ, पंधराव्या मिनिटाला शॉट, आणि लगेच पुसून टाकायचं. पुसायला शिकला नाहीत तर संध्याकाळी फटका बसतो. मी एकदा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, ऐन दुसऱ्या अंकात, नाटकातल्या मुलीला मालिकेतल्या सुनेच्या नावाने हाक मारली. समोरची मुलगी हुशार, ती म्हणाली, "आई, अगं तिचं काय काढलंस आता?" आणि लाफ्टर आला. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. शूटिंग संपलं की त्या दिवसाची पानं फाडायची. घडी करून पर्समध्ये ठेवायची नाहीत, फाडून डब्यात टाकायची. हाताने फाडलं की डोक्यालाही कळतं.

बदली काम नाकारू नका. याला हल्ली रिप्लेसमेंट म्हणतात, आणि बऱ्याच जणांना त्यात कमीपणा वाटतो. मला उभं केलं ते एका बदली कामाने. एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा पाय मोडला, बुधवारी मला फोन आला आणि शनिवारी दुपारी पुण्यात बालगंधर्वला प्रयोग. अडीच तासांचं नाटक. तेव्हा जी पद्धत बसली ती आजही वापरते.

संहिता लगेच पाठ करायला घेऊ नका. आधी जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आवाज बंद करून बघा आणि फक्त हालचाली लिहून काढा: कुठून एन्ट्री, कोणत्या खुर्चीवर, कोणत्या हाताने दार. नेपथ्याचा नकाशा जमिनीवर खडूने काढा. मी चाळीच्या गॅलरीत काढला होता, येणारे-जाणारे ओलांडून जायचे. मग आपली वाक्यं सोडून समोरच्याचे क्यू पाठ करा, म्हणजे त्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. क्यू पक्के असले की आपलं वाक्य चुकलं तरी बोलायचं केव्हा ते चुकत नाही, आणि नाटकात ‘केव्हा’ हे ‘काय’पेक्षा जास्त सांभाळावं लागतं. आपली वाक्यं सगळ्यात शेवटी, तीसुद्धा चालत चालत, भांडी घासत. पडून पाठ केलेलं उभं राहिल्यावर आठवत नाही. त्या शनिवारी मी दोन वाक्यं खाल्ली आणि एक एक्झिट चुकीच्या विंगेतून घेतली. तिथे फळी लावलेली होती, त्यामुळे अर्धा प्रवेश मी भिंतीला चिकटून उभी. पण निर्मात्याला कळलं की ही बाई घाबरत नाही, आणि पुढची तीन नाटकं त्याच निर्मात्याची केली.

हेही करा: तुमचं काम दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा. असुरक्षित वाटतं, मान्य. पण सिनेमाच्या पेन्सिलीच्या तारखा कधीतरी पक्क्या होतात आणि तेव्हा बदली तयार असेल तरच निर्माता हसत सोडतो.

बोलीचं थोडं सांगते, कारण आयाबायांच्या भूमिकांत तेच आपलं हत्यार आहे. माझी स्वतःची भाषा सांगलीकडची, रागावले की आजही "काय लावलंयस हे?" असंच तोंडातून जातं. कोळिणीच्या भूमिकेसाठी मी महिनाभर दादरच्या मासळी बाजारात एका मावशींच्या टोपलीशेजारी पाट टाकून बसायचे. पहिले आठ दिवस त्यांचे शब्द लिहून घेत होते आणि तालमीत ते सोंग वाटत होतं. मग वही बंद केली आणि नुसता हेल ऐकला: प्रश्न विचारताना आवाज कुठे चढतो, भाव पाडून मागणाऱ्याला उत्तर देण्याआधी त्या किती थांबतात. शब्द नंतर आपोआप आले. मालवणी म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘गो’ आणि ‘मेल्या’ नव्हे, वऱ्हाडी म्हणजे नुसतं ‘बाप्पा’ नव्हे. त्या भागातले प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतात आणि मग हसतात, पण विनोदाला नाही.

पैशाचं उरकते. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोग संपल्यावर पाकिटात मिळते, मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात आणि सिनेमाचे येतात तेव्हा येतात. म्हणजे नवी मालिका लागली की पहिले तीन महिने नाटकावर जगायचं. हे आधी माहीत नसल्यामुळे मी एका दिवाळीत चकल्यांची भाजणी उधार आणली होती. मालिकेच्या करारात महिन्याचे किती दिवस ते आकड्यात लिहून घ्या, आणि आधीच ठरलेल्या प्रयोगांची यादी सहीआधी जोडा. तोंडी "आपण अ‍ॅडजस्ट करू" म्हणणारी गोड माणसं चार महिन्यांत बदलतात आणि नव्या माणसाला काही माहीत नसतं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, दहा टक्के कापला जातो, तो सरकारकडे भरलाय की नाही ते आयकर खात्याच्या वेबसाइटवर वर्षातून दोनदा तरी बघा. माझा एकाने कापला, भरला मात्र नव्हता. तो सिनेमाही आला नाही आणि तो माणूसही पुन्हा दिसला नाही.

आवाजासाठी दोनच गोष्टी. सकाळी अंथरुणातच तोंड मिटून गुणगुणायचं, खालच्या पट्टीत, पाच मिनिटं. आणि घसा बसला की कुजबुजायचं नाही. कुजबुजण्याने स्वरतंतूंवर उलट जास्त ताण येतो. गप्प बसा, पाटी वापरा. विक्रम गोखल्यांसारख्या मोठ्या नटाला २०१६ साली घशापायी रंगमंच सोडावा लागला होता, पडद्यावर ते नंतरही काम करत राहिले. शूटिंगला आवाज बसला तर डबिंगला निभावता येतं, रात्रीच्या प्रयोगाला डबिंग नाही.

आणि एकाच दिवशी सेट आणि प्रयोग असेल तर. गोरेगावच्या चित्रनगरीतून दादरला रात्री आठच्या प्रयोगाला पोचायचं तर पाचला पॅकअप मागायचं, साडेपाचनंतर एकही शॉट द्यायचा नाही. निर्मात्याची गाडी मिळाली तरी तिला हात जोडा, रिक्षाने गोरेगाव स्टेशन गाठा आणि लोकल पकडा. हायवेवर अडकलेला नट मी विंगेत उभी राहून खूप वेळा फोनवर ऐकलाय. बायकांच्या डब्यात कुणीतरी ओळखतंच. "अहो, सुनेला किती छळता!" मी म्हणते, "लेखकाला सांगते." स्कार्फ बांधला तरी आवाजावरून ओळखतात, म्हणून आपल्या स्टेशनपर्यंत गप्प बसायचं, घशालाही बरं.

पण या धावपळीत मेकअप आणि दागिने नीट उतरवा. मालिकेत मी भरल्या घरातली सवाष्ण होते आणि नाटकात विधवा. एका रविवारी उशीर झाला, साडी गाडीतच बदलली, कपाळ पुसलं, बांगड्या काढल्या, तिसरी घंटा झाली आणि मी एन्ट्री घेतली. दुसऱ्या मिनिटाला माझी धाकटी जाऊ झालेली अभिनेत्री, जिला त्या प्रवेशात माझ्याजवळ यायचंच नव्हतं, हंबरडा फोडत धावत आली आणि गळ्यात पडली. मला कळेना हिला काय झालं. ती माझा पदर गळ्याभोवती ओढत कानात म्हणाली, "ताई, मंगळसूत्र." पुढचा सगळा प्रवेश मी थंडी वाजल्यासारखी पदर लपेटून केला. तेव्हापासून तिसऱ्या घंटेआधी आरशासमोर उभी राहते आणि वरून खाली हात फिरवते: कपाळ, नाक, कान, गळा, मनगटं. आणि खाली वाकून पायाची बोटंही बघते, जोडवी राहिलेली असतात.